ब्लोहोल कुठं आणि कधी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी क्वालिटीला आहे. पावसाळा लागला की रिजेक्शन चढतं आणि ते चढलं की मीटिंग बसते. मोल्डिंगवाले, म्हणजे वाळूचे साचे करणारे, म्हणणार, धातू गार होता. भट्टीवाले म्हणणार, वाळूत पाणी जास्त झालं. शेवटी एखाद्या नव्या मोल्डरच्या माथी मारून चहा प्यायचा.

त्या वर्षी हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचं काम होतं. कास्टिंग वरून गुळगुळीत, पण गिऱ्हाइकाकडं बोअर मारला की आत भोकं, म्हणजेच ब्लोहोल.

‘पाच वेळा का विचारा’ ही टोयोटातली पद्धत ट्रेनिंगमध्ये शिकवली होती. पद्धत चांगलीच आहे. पण टेबलावर बसून वापरली की दुसऱ्या-तिसऱ्या ‘का’लाच ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’ हे उत्तर येतं आणि गाडी तिथंच अडते. म्हणून ‘का’ बाजूला ठेवून मी आधी ‘कुठं’ आणि ‘कधी’ धरलं. रजिस्टरला नुसतं ‘ब्लोहोल’ असायचं. ड्रॉइंगची झेरॉक्स काढली आणि परत आलेल्या प्रत्येक बॉडीत भोक जिथं, तिथं लाल ठिपका द्यायला लागलो. शेजारी ओतल्याची तारीख. ठिपके कोअरला, म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवतात त्या वाळूच्या गाभ्याला, लागून असलेल्या भागातच दाटले. मोल्डच्या वाळूत पाणी जास्त असतं, तर बाहेरच्या अंगालाही भोकं पडली असती. आणि तारखा बहुतेक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच्या.

कोअरशॉपमध्ये येळ्ळूरहून येणाऱ्या मावशींना विचारलं. “सुट्टी झाली की हे हाताला गार लागतंय बघा सर,” त्या म्हणाल्या, “पण आमाला कोण विचारतंय ओ?”

आमचे कोअर सोडियम सिलिकेटचे, कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केलेले. हवेतला ओलावा ते ओढून घेतात, आणि बेळगावचा जुलै म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये वाळत घातलेला टॉवेलसुद्धा दमट. तापलेलं लोखंड लागलं की त्या पाण्याचा वायू होतो, आणि बाहेर पडायला वाट नसली की कातडीखाली अडकतो.

एवढ्यावर मीटिंगमध्ये कुणी ऐकलं नसतं. एकाच लॅडलमधून, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्यातून, तीन तऱ्हेचे बॉक्स (साचे) ओतून घेतले: ताजे कोअर, सुट्टीत पडून राहिलेले, आणि पडून राहिलेले पण ओव्हनमध्ये पुन्हा तापवलेले. तिसरी तऱ्हा मुद्दाम घातली. नाहीतर दोष ओलाव्याचा की कोअर जुना झाल्याचा, हे कळलं नसतं. कापून बघितलं तर भोकं मधल्या तऱ्हेतच. तापवलेले ताज्यांइतकेच स्वच्छ.

आता पावसाळ्यात सुट्टीच्या आदल्या दिवशी कोअर करून ठेवत नाहीत. उरलेच तर ओव्हनमधून काढूनच मोल्डिंगला जातात. प्रॉडक्शनवाले कुरकुरले, कारण त्या सकाळी पहिला बॉक्स उशिरा बंद होतो. त्यावर कोअरशॉपची पाळी लवकर सुरू केली. ओव्हनचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, यावरून मात्र अजून दर महिन्याला जुंपते.