अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाला दुधाची ॲलर्जी

माझी मुलगी दोन महिन्यांची असताना तिची शी शेंबडासारखी चिकट व्हायला लागली, मग त्यात रक्ताच्या बारीक रेघा दिसल्या. ताप नव्हता, वजन वाढत होतं, चेहऱ्यावर हसू होतं. वरचं दूध तिनं कधी चाखलंच नव्हतं. त्यामुळे डॉक्टरांनी शीच्या जागी चीर किंवा जंतुसंसर्ग नाही ना ते पाहून 'तुम्ही काय काय खाता?' असं मला विचारलं, तेव्हा आश्चर्य वाटलं.

बाळंतिणीचा आहार तो: खीर, साजूक तूप, रात्री पेलाभर दूध. त्यातली प्रथिनं थोड्या प्रमाणात आईच्या दुधात उतरतात आणि काही बाळांच्या आतड्याला तेवढंही सोसत नाही. पुष्कळजण याला 'लॅक्टोज पचत नाही' म्हणतात, पण लॅक्टोज ही साखर आईच्या दुधातही भरपूर असते. इथे भांडण केसीन आणि व्हे या प्रथिनांशी असतं. ॲलर्जीच्या या प्रकारात त्रास लगेच न दिसता उशिरा दिसतो आणि त्यात रक्ताच्या तपासणीतून सहसा काही कळत नाही, म्हणून ती केलीच नाही. अंगावर पाजणं थांबवायचं नाही, मी दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण सोडायचे, एवढंच ठरलं.

एवढंच, पण घरात ते पचवणं जड गेलं. आई म्हणाली, "म्हशीचं नको तर शेळीचं घे." पण या सगळ्या दुधांतली प्रथिनं इतकी सारखी असतात की तेही चालत नाही. तुपातही अंश राहू शकतो, म्हणून पोळी कोरडी. बिस्किटं, ब्रेड, फरसाण, सगळ्यांची पाकिटं उलटून वाचायची: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन. मला तारलं अळिवाच्या लाडवांनी. नारळ आणि गुळाचे, दुधाचा संबंधच नाही. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी रोज.

रक्त थांबलं. आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यानंतर डॉक्टरांनी मला पुन्हा दूध प्यायला सांगितलं. मन तयार होत नव्हतं. बरं झालेलं लेकरू, कशाला उगाच? पण शी आपोआपही सुधारते, आणि खात्री न करता कितीतरी आया महिनोन्महिने अर्धपोटी राहतात. मी दूध प्यायले, काही दिवसांत रेघा परत आल्या. तेव्हा निदान पक्कं झालं आणि पुढचं पथ्य मी मनापासून पाळलं. मात्र ज्या बाळाला दूध पोटात जाताच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, सारख्या उलट्या होतात किंवा श्वास लागतो, त्याच्यावर हा प्रयोग घरी करायचा नाही. तिथे थेट दवाखाना.

सहाव्या महिन्यानंतर नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून, वरणभात तुपाशिवाय. डब्यातल्या तयार खिमटीत बहुधा दुधाची पावडर असते, त्यामुळे ती आणलीच नाही. वर्षाची झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून पायऱ्या चढायला लागलो. पिठात मिसळून खरपूस भाजलेलं दूध सगळ्यांत सौम्य, म्हणून आधी बिस्किटाचा तुकडा, बऱ्याच दिवसांनी पॅनकेक, मग पनीर आणि दही. सध्या दह्यावर आहोत. साधं दूध शेवटच्या पायरीवर आहे आणि मला त्याची अजिबात घाई नाही.