फायफॉक्स नोंदी : गच्चीवर आवाजाचा वेग

लंबकाचा प्रयोग मागच्या खेपेला उरकला. एक मीटर दोरी, साधारण दोन सेकंदांचा आवर्तकाल, गुरुत्वीय त्वरण (g) ९.८ च्या आसपास. सोसायटीतली नववी-दहावीची पोरं काही हरखली नाहीत. उत्तर आधीच पाठ असल्यावर हरखायचं कशाला? म्हणून या खेपेला आवाजाचा वेग.

फायफॉक्स बहुतेकांकडे असेलच. फोनमधल्या सेन्सरांनी भौतिकशास्त्राचे प्रयोग करायचं, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं फुकट अॅप. त्यातलं अकूस्टिक स्टॉपवॉच, म्हणजे आवाजावर चालणारं घड्याळ, एका टाळीला सुरू होतं, दुसरीला बंद. दोन फोन टेपने मोजून ५ मीटरवर ठेवायचे, प्रत्येकापाशी एकेक जण. अलीकडच्याने टाळी दिली की त्याचा फोन लगेच सुरू, पलीकडचा फोन मात्र आवाज तिथे पोचल्यावर. मग पलीकडच्याने टाळी द्यायची. आता त्याचा फोन लगेच थांबतो, अलीकडचा उशिरा. म्हणजे तोच उशीर एका फोनच्या वेळेत जमा आणि दुसऱ्याच्या वेळेतून वजा. फरक येतो तो आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ. दोन घड्याळं जुळवायची भानगडच नाही, बेहद्द आवडलं मला हे.

एका फेरीत १.८४६ आणि १.८१७ आले. फरक ०.०२९ सेकंद, वेग ३४५ मीटर प्रतिसेकंद. संध्याकाळी हवा २८ अंश होती, सूत्राने ३४८ यायला हवा. पोरं नाचायला लागली, तेवढ्यात दहावीतली एक म्हणाली, "काका, ०.०२८ आलं असतं तर?" तर ३५७! मोजमापातली त्रुटी मला फळ्यावर कधी इतकी नीट शिकवता आली नव्हती.

उपायही तिचाच: अंतर दुप्पट करा. पण १० मीटरवर टाळी पोचेपर्यंत मरगळते. थ्रेशोल्ड (किती मोठ्या आवाजाला घड्याळ दाद देईल ती मर्यादा) खाली आणला तर वाऱ्यानेच घड्याळ सुरू. शेवटी स्टीलचं ताट आणि चमचा आणला, माइकवर पातळ रुमाल टाकला, तेव्हा जमलं. जिन्यात करणार असाल तर मिनिमम डिले (सुरू झाल्यावर घड्याळ किमान किती वेळ थांबणार नाही ते) वाढवा, नाहीतर घुमणारा आवाजच घड्याळ थांबवतो.

स्वस्त फोनात जायरोस्कोप (फिरणं मोजणारा सेन्सर) बरेचदा नसतो, बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा) तर क्वचितच असतो. माइक मात्र प्रत्येकात, त्यामुळे घरातला जुना फोन घेऊन आलेलं पोरही मागे राहत नाही.

पुढे चेंडूचे टप्पे, तेही आवाजावरूनच. दोन टप्प्यांत ०.८ सेकंद गेले तर मधली उंची सुमारे ७८ सेंटिमीटर. टेनिसचा आणि रबरी चेंडू हाताशी आहेत. फरशीवर कोणता जास्त ऊर्जा गिळतो, यावर पैजा लागल्यात.