महिरप, भाग ४: कागद सोडला, धोतर धरलं

लग्नाच्या सजावटीसाठी केलेली कापडाची महिरप, म्हणजे वाड्यातली पाकळ्यापाकळ्यांची कमान, भिंतीवर लावून सहा रात्री झाल्या. पडवीच्या भिंतीवर प्रत्येक पाकळीच्या टोकाशी पेन्सिलीने खूण केली होती, आज सकाळी ओळंबा लावून पुन्हा तपासलं. नऊच्या नऊ पाकळ्या जागच्या जागी आहेत. समुद्र हाकेच्या अंतरावर, पहाटे कौलांवरून दव ठिबकतं, आणि तरीही महिरप तसूभर हललेली नाही. भाग ३ वाचलेल्यांना माझा आनंद कळेल.

त्या भागात कागदाच्या लगद्याची महिरप मोठ्या हौसेने दाखवली होती. फोटो टाकल्यावर चौथ्याच दिवशी ती बसली. उजवीकडची सातवी पाकळी दीड इंच खाली आली, मागच्या बाजूला हिरवट बुरशीचे ठिपके उठले आणि मैद्याच्या खळीला मुंग्या लागल्या. वरून लगदा खडखडीत वाळलेला, आत बोट दाबलं तर ओला. पौषात हे, मग वैशाखाच्या दमट हवेत काय झालं असतं? दोन दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

तीन लग्नांची सजावट माझ्याकडे आहे, हे आठवत असेलच: मामेबहिणीचं अंगणातल्या माटवात (मांडवात), ९,००० रुपयांत, मैत्रिणीच्या भावाचं कुडाळच्या हॉलमध्ये, ३५,००० मध्ये, आणि मुंबईहून गावी येऊन लग्न करणाऱ्या एका कुटुंबाचं, १,१०,००० मध्ये. तिघांनाही पेशवाई वाड्याचा सोपा (ओसरी) हवा आहे. खांब, तोरणं, समया यांचं काहीतरी जमतं. महिरप चुकली की वाडा वाटतच नाही.

मापं तीच ठेवली आहेत. खालचं अंतर ८ फूट, म्हणजे मूळ अर्धवर्तुळाची त्रिज्या ४ फूट आणि कमानीची लांबी साधारण साडेबारा फूट. तिचे नऊ भाग केले की एकेक पाकळी पावणेसतरा इंचांची येते. मधल्या पाकळीला कमळकळीचं टोक. अर्धाच आराखडा खाकी कागदावर काढायचा आणि उलटून दुसरी बाजू गिरवायची. दोन्ही बाजू स्वतंत्र काढल्या तर डोळ्याला फरक कळतोच. ऑनलाइन मागवलेली तयार रेझिनची महिरप याच कारणाने परत पाठवली होती, डावी पाकळी उजवीपेक्षा बोटभर रुंद. थर्माकोलचा विषय तर २०१८ च्या बंदीनंतर संपलाच. ६ मिलिमीटर प्लायची करून पाहिली, सुंदर कापली गेली, पण पट्ट्यांसकट तेरा किलो. माटवाच्या चिव्यांवर (बारीक बांबूंवर) तेवढं वजन टांगायची माझी तयारी नाही.

उत्तर मिळालं ते सावंतवाडीत, आतेच्या घरी. खरं तर मी गेले होते गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बघायला. मंचाच्या मागे दशावताराच्या दहा मोठ्या गोल चकत्या लावायच्या, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, असं डोक्यात होतं. आतेकडे जुना दशावतारी डाव आहे, १२० पानांचा, दर अवताराची बारा पानं. राजा, प्रधान आणि एक ते दहा. वराहाचा प्रधान हातात घेतला तर त्याची कड एका ठिकाणी उसवलेली होती आणि आत विणीचे धागे दिसत होते. कागद नव्हे, कापड! कापडाचे थर, चिंचोक्याची खळ, वर खडूचा लेप, रंग आणि लाख. पिढ्यान्पिढ्या याच हवेत खेळून झालेलं पान, आणि अजून टणक. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली म्हणून आज राजवाड्यात बसून कलाकार गंजिफा रंगवताना दिसतात. मी तिथे कितीदा गेले, रंग बघितले, नक्षी उतरवून घेतली. पान कशाचं आहे हे कधी विचारलंच नाही.

आते म्हणाली, "गे बाय, कागद कित्याक घेतंस? ह्या हवेत कागद टिकाचो नाय." आणि पेटीतून आजोबांची दोन जुनी धोतरं काढून दिली.

आता कृती. सांगाडा चिव्याच्या कामट्यांचा. आकाशकंदिलाला घेतो तशाच, पण बोटभर रुंद. रात्रभर पाण्यात भिजवून, दिव्यावर शेकत वाकवायच्या, पाठ बाहेरच्या बाजूला. पाकळी जिथे पाकळीला मिळते तिथे सुतळीचा आवळ गाठीचा बांध. ग्लू गन इथे वापरू नका. दुपारच्या मांडवात तो गोंद मऊ पडतो आणि सांधा सुटतो, हा माझा दोन वेळचा अनुभव आहे.

चिंचोके वाळूत भाजून कुटले की टरफल सुटतं. गर रात्रभर भिजवून पाट्यावर वाटला. मिक्सरमध्ये तो पात्याखाली गोळा होतो, त्यापेक्षा पाटा बरा. पाव किलो गराला अडीच लिटर पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पळीवरून सलग धार पडेपर्यंत. मग फडक्यातून गाळून घ्यायची. बुरशीसाठी पुस्तक बांधणारे घालतात तसं चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), प्लास्टिकच्या मगात वेगळं विरघळवून, खळ निवल्यावर. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी भांड्यात मोरचूद कधीच घालू नका, भांडं खातं. ते विषारी आहे, पोरं आणि मांजरं लांब ठेवा.

धोतराचे चार थर दिले, दर थराला कापडाची वीण तिरकी फिरवून. पहिला थर सांगाड्यावर ताणून, पुढचे तळव्याने हवा काढत. घाई मात्र करायची नाही: एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही, आणि वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. पहिला थर मी उन्हात ठेवला तर एका बाजूने आखडून पाकळी पिळली, तो सोलून पुन्हा केला. चार थरांना पाच दिवस गेले. वर खडूची भुकटी आणि डिंक यांचे तीन हात, आणि किनाऱ्यावरच्या गुळगुळीत गोट्याने घोटाई. घोटून घोटून तो पांढरा पृष्ठभाग हस्तिदंतासारखा झाला तेव्हा मी त्याच्यावर नुसता हात फिरवत बसले होते. वजन काट्यावर साडेतीन किलो भरलं.

रंग गेरू, पिवळी माती आणि निळीचा. शेवटी चपड्याचं (लाखेचं) पॉलिश, तेही भर दुपारीच. सकाळच्या ओल्या हवेत दिलेला हात पांढरा पडतो.

खर्च: आतेची धोतरं वगळता ६४० रुपये. मोठा भाग चपडा आणि स्पिरिटचा.

आणि हे लिहितानाच एक सुचलं. महिरप अखंड करायची गरजच नाही. दोन अर्धी अंगं करायची आणि कमळकळी वेगळी, वरून खुंटीने बसणारी. सांधा कळीखाली झाकला जाईल आणि दोन्ही अर्धी रिक्षाच्या टपावरून जातील, टेम्पोचं भाडं वाचेल. मग तिन्ही लग्नांना वेगवेगळं डिझाइन तरी कशाला? साचा एकच. माटवात एक महिरप, तिचे खांब परसातल्या खऱ्या केळीचे. वाड्यांच्या कारागिरांनी लाकडात कोरलेलं केळफूल आमच्या मागीलदारी लटकतंय, ते रंगवून कशाला करू? कुडाळला तीन कमानी ओळीत, पोफळीच्या खोडांवर कामटीची कडी आणि कापड चढवून केलेले सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, पुण्याच्या नाना वाड्यात आहेत त्या घाटाचे. मोठ्या लग्नाला पाच कमानी आणि दोन हात मागे दुसरी ओळ, म्हणजे समयांच्या उजेडात खोली येईल. तिथले उरलेले पैसे मी विजेच्या माळांवर अजिबात घालणार नाही. ते अबोलीच्या वळेसरांना (गजऱ्यांना) जातील.

गंजिफाच्या चकत्या आता मंचामागे नकोत. त्या कमानींच्या कोपऱ्यांत, पाकळ्यांच्या वरच्या त्रिकोणी जागेत बसतील, एका कमानीला दोन. पाच कमानींना बरोबर दहा अवतार! हे जुळलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी उठून पुन्हा आराखडा उघडला.

आता अडतंय ते कापडावर. नवं मांजरपाट घेऊन बघितलं, त्यातली कांजी दोनदा धुऊनही खळ आत मुरू देत नाही. मला वापरून मऊ झालेली सुती धोतरं किंवा लुगडी हवीत, निदान तीस. वेंगुर्ला, शिरोडा, कुडाळकडे कुणाच्या पेटीत असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन. फाटकी असली तरी चालतील, काठ मात्र काढू नका.