तुम्ही विचारलंत म्हणून: काकू, या तेलाने केस वाढतील ना?

लालबागच्या आमच्या चाळीत मी घरच्या घरी जास्वंद-माक्याचं तेल करते आणि ओळखीपाळखीत विकते. बाटली हातात घेतली की प्रश्न ठरलेला असतो: "काकू, याने केस वाढतील ना?" दारात उभ्या गिऱ्हाइकाला खरं सांगितलं तर ते जिना उतरून जातं, म्हणून इथे लिहिते. नाही वाढणार. तरी बाटली न्या, कशासाठी ते पुढे सांगते.

विचारणाऱ्या बहुतेक जणी दिवाळीच्या सुमारास येतात. तक्रार एकच, कंगव्यात नुसता गुंता येतोय. मी उलट विचारते, "गणपतीच्या आसपास ताप आला होता का गं?" दहातल्या सहा-सात जणी चमकतात. कुणाला डेंगी झालेला असतो, कुणाला मलेरिया, कुणी टायफॉइडने झोपलेली असते.

यात जादू काही नाही. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यातले बरेचसे वाढत असतात आणि थोडे विश्रांतीला गेलेले असतात. ही विश्रांती तीनेक महिन्यांची. मग तो केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं नेमाचंच आहे. पण मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा लग्नाआधी बारीक होण्यासाठी केलेली उपासमार, यातलं काही झालं की शरीर पुष्कळ केसांना एकदम विश्रांतीला धाडतं. ते केस दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. मुंबईत पावसाळी तापांचा जोर जुलै ते सप्टेंबर. हिशेब घाला, गळती येते ती दिवाळीच्या तोंडावर. तोवर ताप विसरलेला असतो, आणि दोष येतो नव्या शाम्पूवर नाहीतर टँकरच्या पाण्यावर.

आता यातली गंमत. अशी गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. तुम्ही दिवाळीला माझं तेल सुरू केलंत आणि होळीपर्यंत केस गळायचे थांबले, तर शेजारणीला काय सांगाल? काकूंच्या तेलाने गुण आला! तेल विकणाऱ्यांची निम्मी पुण्याई अशी आयती मिळालेली असते. माझीही.

मग तेल लावायचं कशाला? खोबरेल केसाच्या आत थोडं मुरतं, त्यामुळे धुताना केसातली प्रथिनं कमी जातात आणि केस तुटत कमी. महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढणारा केस टोकाला तुटत राहिला तर वेणी वाढलेली दिसणार कशी? सकाळच्या लोकलमध्ये बघा, न्हाऊन ओल्या केसांना क्लचर लावून धावत आलेल्या किती जणी असतात. ओला केस ताणला की लांबतो आणि तुटतो. करकचून बांधलेला अंबाडा रोज घातलात तर कपाळाकडचे केस विरळ होतात. कोंडा असेल तर मात्र तेल रात्रभर ठेवू नका. कोंड्यामागच्या बुरशीला तेल आवडतं. त्यावर औषधी शाम्पू आणा, माझी बाटली नको.

घरी करायचं असेल तर जास्वंद दादरच्या फूलबाजारातून आणा, पण गणपतीत नको. तेव्हा लाल जास्वंदाचा भाव ऐकून केस गळतील. फुलं, माका, कढीपत्ता धुऊन फडक्यावर पूर्ण सुकवा. लोखंडी कढईत घाण्याचं खोबरेल अगदी मंद आचेवर ठेवा. पाला टाकला की बुडबुडे येतात, ते पानातलं पाणी. बुडबुडे थांबले, पाला बोटाने चुरडला की कुरकुर वाजला, की लगेच उतरवा. घाई केलीत तर पाणी राहतं आणि महिन्याभरात तेलाला वास येतो. जास्वंद-माक्याने नवे केस उगवतात याची खात्री मी देणार नाही. वास छान येतो, चोळताना डोकं शांत होतं, तेवढ्यावर माझं भागतं.

केस घडतो तो खाल्लेल्या अन्नातून, कारण तो जवळजवळ सगळा प्रथिनांचाच. ५० किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४० ग्रॅम प्रथिनं लागतात. सकाळी चहा-खारी, डब्यात दोन पोळ्या आणि दुधीची भाजी, रात्री वाटीभर वरण-भात. त्या वाटीतून मिळतात सहाएक ग्रॅम. बेरीज तुम्हीच करा. श्रावणात वर साबुदाणा, म्हणजे नुसती पिठूळ ऊर्जा. त्यापेक्षा डब्यात मटकीची उसळ न्या, एखादं उकडलेलं अंडं, रात्री बांगडा. शाकाहारी असाल तर दही, पनीर, कुळथाचं पिठलं.

दुसरं लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. अळिवाचे लाडू बाळंतिणीसाठीच का राखून ठेवतो आपण? अळीव नारळपाण्यात भिजवून, खोबरं-गुळात शिजवून एरवीही करा. तिसऱ्या (शिंपल्या) खाता? उत्तम, त्यात लोह भरपूर. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, लोह नीट शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा प्यायलात तर ते शोषण कमी होतं. ही सवय आमच्या मजल्यावर कुणाची सुटत नाही, माझ्या सासूबाईंची तर मुळीच नाही.

बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, त्याच्या गोळ्यांबद्दलही विचारता. नीट जेवणाऱ्या माणसाला त्यांची क्वचितच गरज असते. शिवाय मोठ्या डोसात त्या थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकवतात; घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा.

सहा महिन्यांनंतरही गळती चालूच असेल, पाळी अनियमित असेल, भांग रुंद होत चालला असेल किंवा गोल चाई पडली असेल, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. ते सहसा हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड बघतात. आणि नवऱ्याचं कपाळ मागे सरकतंय म्हणून बाटली नेणाऱ्यांनो, ते आनुवंशिक आहे, तेलाला दाद देत नाही. त्यावर औषधं आहेत, पण ती केस टिकून आहेत तोवरच कामाची. त्यांना या महिन्यातच पाठवा.