पावसाची वही नमपायमध्ये, भाग ३: दोन्हीकडे १२, म्हणून घोळ

बाबांची पावसाची वही नमपायमध्ये (पायथनमधली, आकड्यांचे तक्ते हाताळायची लायब्ररी) भरून झाली एकदाची! खानापूरला घरामागं मापक लावलाय, रोज सकाळी साडेआठला मिलिमीटर लिहायचे, २०१३ ते २०२४. मधली काही पानं शेजारच्या काकांनी कन्नड आकड्यात लिहिलीत आणि कन्नड सहा आणि नऊ मला अजून एका नजरेत कळत नाहीत, त्यातच दोन संध्याकाळी गेल्या.

अ‍ॅरे (आकड्यांचा तक्ता) तीन डायमेन्शनचा केलाय, वर्ष, महिना, दिवस. शेप (प्रत्येक बाजूला किती घरं) १२, १२, ३१. ३० फेब्रुवारीसारख्या नसलेल्या दिवसांत नॅन (इथं आकडा नाही अशी खूण) टाकलं. घरं ४४६४, खरे दिवस ४३८३, म्हणजे नॅन ८१ यायला पाहिजेत, आले ८३. शोधलं तर दोन दिवस वहीतच कोरे. बाबा म्हणाले, लग्नाला गेलतो की.

आता खरा घोळ. नॅनसमनं (नॅन सोडून बेरीज) दिवस मिळवून १२ बाय १२चा तक्ता केला (साधा सम लावला तर एका नॅनपायी अख्खा महिना नॅन होतोय) आणि मग दर महिन्याची सरासरी पाहिजे म्हणून मीनला अ‍ॅक्सिस १ दिलं, कारण बाजूंची मोजणी ०पासून, म्हणजे वर्षं ०वर आणि महिने १ नंबरवर आहेत. बारा आकडे आले, एरर नाही, मी खूश, लगेच ग्राफ काढून बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "जानेवारीत एवढा पाऊस कुठला पडला रे? काजूचा मोहोर राहिला असता का?"

बरोबरच होतं त्यांचं. अ‍ॅक्सिस म्हणजे जी ठेवायची ती बाजू असं मी धरून चाललोतो, पण आपण जी सांगतो तीच चेपून जाते. मी महिने चेपले आणि हातात आली बारा वर्षं, त्यांनाच जानेवारी, फेब्रुवारी लेबल लावून बसलो. ० दिल्यावर जुलैचा डोंगर उभा राहिला.

दुसरी चूक लहान पण जास्त लागली. जून ते सप्टेंबरचा स्लाइस घेऊन, म्हणजे ५ ते ९ (जानेवारी ०, आणि शेवटचा ९ धरत नाहीत), जागच्या जागी २५.४नं भागला, इंचात बघायला म्हणून. स्लाइस हा व्ह्यू असतोय, कॉपी नाही, त्यामुळं मूळ अ‍ॅरेतलाच पावसाळा आटला, ऑक्टोबर जुलैपेक्षा मोठा! फाइल सेव्ह केलेली म्हणून वाचलो. आता आधी कॉपी, मग खेळ.

जाता जाता स्ट्राइड्स पण बघितले, २९७६, २४८, ८. मेमरीत सगळं एकाच लांब रांगेत, पुढच्या दिवसाला ८ बाइट, पुढच्या महिन्याला ३१ गुणिले ८, पुढच्या वर्षाला त्याच्या बारापट. ट्रान्सपोज (बाजूंची अदलाबदल) केलं तर डेटा हलतच नाही, नुसते हे आकडे जागा बदलतात.

काल २०२५ची पानं पण भरली. शेप आता १३, १२, ३१. तीच चूक मुद्दाम परत करून बघितली, तेरा महिने आले.