तब्बूची सर्सी: फॅनकास्ट पोस्टर कुठवर आलं

मंडळी, कॉमिक्समधल्या वंडर वूमनसमोर उभ्या करायच्या खलनायिकेचं माझं फॅनकास्ट, म्हणजे चाहतीने मनानेच केलेली कलाकाराची निवड, पक्कं झालंय. पात्र ग्रीक पुराणातली जादूगारीण सर्सी, भूमिकेत तब्बू. रेखाटन पूर्ण आहे, रंगकाम निम्म्यावर आलंय.

सर्सीच का, ते आधी सांगते. वंडर वूमनच्या 2017 च्या चित्रपटात खलनायक म्हणून एरीस येऊन गेला, 2020 च्या चित्रपटात चीता आणि मॅक्सवेल लॉर्ड. सर्सी कॉमिक्समध्ये 1949 पासून आहे. 1988 मध्ये कॉमिक्सकार जॉर्ज पेरेझने तिला नव्याने घडवलं आणि 1991 च्या ‘वॉर ऑफ द गॉड्स’ या कॉमिक्स-मालिकेत देवादेवांत जुंपवून दिली ती तिनेच. एवढी तगडी बाई, आणि या दोन्ही चित्रपटांत तिला जागा नाही!

तिच्या फॅनकास्टमध्ये हातातून जांभळ्या विजा निघताना दाखवायचा मोह होतोच. मी तो टाळलाय, कारण तिची खरी ताकद प्राचीन ग्रीक कवी होमरने ‘ओडिसी’त फार आधी सांगून ठेवलीये. ती दमल्याभागल्या खलाशांना घरात बोलावते, आसनावर बसवते, चीज, जवाचं पीठ आणि मध मद्यात कालवून देते. औषध त्यातच मिसळलेलं असतं. पिऊन झालं की छडी लावते आणि त्यांची डुकरं होतात. म्हणजे ही बाई पाहुणचारातून मारते.

आणि पाहुणचारातून मारणारी बाई म्हटलं की माझ्यासमोर ‘अंधाधुन’मधली तब्बूची सिमी येते. चित्रपट आपल्या पुण्यातच घडतो. खेकडे करताना ती सांगते की आधी ते फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे ते गुंगतात, आणि मग उकळत्या पाण्यात सोडायचे. आवाज चढत नाही, डोळे वटारणं नाही. पाककृती सांगावी तसं सांगते आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ‘मकबूल’मध्ये तब्बूचीच निम्मी प्रियकराला खुनापर्यंत नेते, तेही याच सुरात. ‘माचिस’ आणि ‘चांदनी बार’साठीचे राष्ट्रीय पुरस्कार तर सर्वांना ठाऊक आहेतच, पण या भूमिकेसाठी माझा पुरावा सिमी आणि निम्मी.

म्हणून पोस्टरवर सिंहासन नाही, चिलखत नाही. लांबलचक जेवणाचं टेबल आहे, आणि तब्बू उभी राहून वाढतेय. छडीच्या जागी पितळी पळी.

हाताच्या संदर्भासाठी कोथरूडला मावशीकडे फोटो काढले, दुपारच्या खिडकीतल्या एकाच बाजूच्या उजेडात. मी म्हटलं, “मावशी, वाढताना ताटाकडे नको, पाहुण्याकडे बघ.” ती म्हणाली, “अगं, सांडेल ना!” पण सांडलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने मनगट आपसूक वळलं, अंगठा पळीच्या दांड्यावर सपाट टेकला आणि करंगळी किंचित सुटी राहिली. ती करंगळी मी जशीच्या तशी उचललीये. “अजून थोडं घ्या” हा आग्रह त्या बोटात दिसतो. चेहऱ्यावर मग फार काही करावं लागलं नाही. पापण्या जड ठेवल्या, ओठ मिटलेले, हसू जवळजवळ नाहीच.

पोशाखाचा प्रश्न मात्र बरेच दिवस छळत होता. कॉमिक्समध्ये तिचे केस जांभळे आणि कपडे हिरवे. तब्बूला जांभळा विग चढवला तर सगळा आब जातो. उत्तर सापडलं लक्ष्मी रोडवर. एका दुकानात धूपछाव खण दिसला, ताणा (उभे धागे) हिरवा, बाणा (आडवे धागे) जांभळा. हातात धरून फिरवला की सपाट भाग हिरवा दिसतो आणि घडीच्या कडेवर जांभळी झाक उमटते. तुकडा घेऊनच घरी आले. आता केस काळेच आहेत, कानाजवळ एक पांढरी बट, आणि जांभळा रंग फक्त वस्त्राच्या वळणांत. शिवाय होमरची सर्सी मागावर बसून गाणं म्हणत विणते, तेव्हा हे कापड तिनेच विणलेलं, असं मी धरून चाललेय.

पाहुणे टेबलाशी माणसांसारखे बसलेत, मागच्या भिंतीवर त्यांच्या सावल्या मात्र डुकरांच्या. तिच्या दारात माणसाळलेले लांडगे असतात. ते मी केसाळ युरोपीय न काढता आपल्या पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवरचे काढलेत: सडपातळ, लांब पायांचे, मातकट. खण आणि पितळेशेजारी हेच लांडगे शोभतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम चालू आहे, ए3 आकार, 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), म्हणजे 3508 बाय 4961 पिक्सेल. अप्पा बळवंत चौकाजवळ एक चाचणी प्रिंट काढली. स्क्रीनवरचा झगझगीत जांभळा कागदावर मळकट उतरला, कारण छपाईच्या चार शाईंत तो बसतच नाही. तेव्हा जांभळ्याची चमक मुळातच उतरवली आणि शेजारचा हिरवा आणखी गडद केला. आता तो कागदावरही जांभळा वाटतो.

उरलंय ते डायनाचं, म्हणजे वंडर वूमनचं. तिचा चेहरा दाखवणार नाही, खालच्या डाव्या कोपऱ्यात फक्त कंकण घातलेला हात येईल. पेला तिच्या बोटांत द्यावा की वीतभर लांब ठेवावा, यावर अडलेय. बोटांत दिला तर धोका लगेच कळतो, लांब ठेवला तर सगळी नजर तब्बूच्या आग्रहावर जाते. माझा कल दुसऱ्याकडे आहे. तुम्ही काय केलं असतं ते सांगा, सावल्या संपल्या की तोच कोपरा हातात घेणार आहे.