माळी आणि आर्किटेक्ट यांच्या मधला माणूस

मुंबईत नव्या इमारतींच्या बागा आता बहुतेक स्लॅबवरच होतात. खाली दोन-तीन मजले पार्किंग, त्यावर पोडियम म्हणजे त्या पार्किंगचं सपाट छत, आणि पोडियमवर लॉन, चाफा, मुलांची घसरगुंडी. राहायला येणाऱ्यांना वरची बाग दिसते. आमच्या कामातल्या माणसाला आधी तिच्याखालचे थर दिसतात: वॉटरप्रूफिंग, स्क्रीड (उतार देणारा सिमेंटचा थर), ड्रेन सेल (पाणी वाहून जायला प्लॅस्टिकची जाळी), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), मग माती. हे थर कोणत्या क्रमानं पडले आणि ते पडताना तिथे कोण उभं होतं, यावर ती बाग चार पावसाळे टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात उकरावी लागणार, हे ठरतं.

मी दापोलीला हॉर्टिकल्चर शिकले आणि नंतरची सगळी वर्षं मुंबई-ठाण्यातल्या लँडस्केपच्या साइटवर काढली. अलीकडे शनिवारी संध्याकाळी भांडुपमधल्या एका शाळेच्या वर्गात मी माळी, मुकादम आणि साइट सुपरवायझर यांना शिकवते. झाडं कशी लावायची ते त्यांना माझ्याइतकंच येतं, काहींना माझ्यापेक्षा जास्त. मी शिकवते ते काम चालवायला.

हे शिकण्याची सोय आपल्याकडे जवळजवळ नाहीच. आयटीआयमध्ये फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंगचा एक वर्षाचा ट्रेड आहे, कृषी विद्यापीठांत पदवी आहे, कौशल्य विकासाच्या योजनांत माळीकामाचं प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्या टोकाला लँडस्केप आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी आहे, पुण्यात, अहमदाबादला, दिल्लीला. एका टोकाला रोप ओळखणारा माणूस, दुसऱ्या टोकाला ड्रॉइंग काढणारा. त्या ड्रॉइंगचा कागद हातात घेऊन तीस माणसं, दोन डंपर आणि एक तारीख सांभाळणारा मधला माणूस मात्र धक्के खात शिकतो. जर्मनीत बाग आणि लँडस्केप बांधणीचं शिक्षण तीन वर्षांचं असतं, थोडं शाळेत आणि बरंचसं कामावर. त्यात फरसबंदी, भिंत, पाण्याचा निचरा आणि लागवड हे सगळं एकाच माणसाला शिकवतात. ऑस्ट्रेलियात लँडस्केप कन्स्ट्रक्शन हा वेगळा ट्रेड आहे आणि त्यावरची पायरी डिप्लोमाची आहे. आपल्याकडे काम त्यांच्याहून अवघड, कारण चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर येतो.

मधल्या माणसाला काम चालवायला शिकवलेलं नसलं की काय होतं, ते एका उपनगरातल्या टॉवरच्या पोडियमवर मी पाहिलं. वॉटरप्रूफिंग झालं होतं, पोंडिंग टेस्ट पास झाली होती. म्हणजे आउटलेट (पाणी बाहेर जाण्याची तोंडं) बंद करून स्लॅबवर पाणी साठवून तीन दिवस ठेवलं आणि खाली थेंबही आला नाही. त्यानंतर स्प्रिंकलरवाले आले. त्यांना पाइप ओढायला वाट हवी होती, ती ड्रॉइंगमध्ये नव्हती, म्हणून त्यांनी ड्रिल लावून भोक पाडलं. साइटवरचा मुलगा हुशार होता, मेहनती होता, पण टेस्टनंतर भोक पाडलं तर टेस्ट पुन्हा घ्यावी लागते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माती पडली, लॉन अंथरलं, पेढे वाटले. जुलैमध्ये खाली गाड्यांच्या बॉनेटवर चुन्याचं पाणी ठिबकायला लागलं. वर्षभराचीही न झालेली बाग उकरली गेली, आणि दोष त्या मुलाच्या नावावर लागला. त्याची नोकरी गेली. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण चार ओळींचा नियम त्याला माहीत असता तर त्यानंच त्या ड्रिलवाल्याला थांबवलं असतं.

म्हणून माझ्या वर्गात पहिले काही शनिवार झाडाचं नाव निघत नाही. पहिली येते लेव्हल, म्हणजे कुठली जागा किती उंच-खाली ते मोजणं. डंपी लेव्हल (तिपाईवरची दुर्बीण) आणि स्टाफ (खुणांची उभी पट्टी) आम्ही नंतर वापरतो, आधी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल पाइप. शाळेच्या पटांगणाच्या दोन टोकांना दोघं उभे राहतात, नळीतला बुडबुडा काढतात, भिंतीवर खूण करतात. मग प्रश्न: आउटलेट 10 मीटरवर आहे, उतार 1:100 हवा, तर तिथे पातळी किती खाली? 10 सेंटिमीटर. हे तोंडी यायला लागलं की पुढचा प्रश्न: मधल्या कोपऱ्यात पाणी साचतंय, आता काय कराल? बरेच जण म्हणतात, तिथे माती टाकू. मातीनं वरची पातळी बदलते, स्लॅबवरचं पाणी जिथे होतं तिथेच राहतं, आणि मुळं कुजतात. हे फळ्यावर पटत नाही. पत्र्याच्या ट्रेमध्ये सिमेंटचा उतार करून, वर माती टाकून, पाणी ओतून दाखवलं की पटतं. प्रत्येक आउटलेटवर झाकण काढता येईल असं तपासणीचं चेंबर हवं, आणि माती पडण्याआधी प्रत्येक आउटलेटचा फोटो तारखेसह हवा, हे दोन हट्ट मी कधी सोडत नाही.

मग वजन आणि ब्रास. आमच्या धंद्यात माती ब्रासमध्ये येते आणि ड्रॉइंग मीटरमध्ये असतं, तिथेच गोंधळ होतो. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. 200 चौरस मीटरच्या वाफ्यात 45 सेंटिमीटर माती हवी असेल तर 90 घनमीटर, म्हणजे साधारण 32 ब्रास. माती बसते, म्हणून वीस टक्के जास्त धरून 38. हा हिशोब सातवी शिकलेल्या मुकादमानं वहीत केला, उत्तर आलं, आणि तो म्हणाला, “मॅडम, मग आमच्या साइटवर मागच्या वेळी पाच ब्रास कमी आली होती.” त्या दिवशी तो गाडी मोजून घ्यायला शिकला. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला 1800 ते 2000 किलो धरतात. 30 सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे किलो. स्लॅब तेवढं घेणार आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लिहून दिलेलं असतं. पण गाडी रिकामी करताना एकाच ठिकाणी तीन ब्रासचा ढीग लावला तर पंधरा-सोळा टन एका जागी येतात, आणि ते इंजिनिअरनं कधीच धरलेलं नसतं. ढीग लागू द्यायचा नाही, आली तशी पसरायची. बहावा, ताम्हण अशी मोठी झाडं जमेल तितकी कॉलमच्या, म्हणजे खालच्या खांबांच्या, डोक्यावर घ्यायची. कॉलम कुठे आहेत हे पार्किंगमध्ये उतरून स्वतः पाहून यायचं, ड्रॉइंगवर विसंबायचं नाही.

वेळापत्रक मी उलटं शिकवते. मुंबईत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. तिथून मागे यायचं. मातीचं काम मेच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे, कारण चिखल झालेली माती तुडवली की ती घट्ट होऊन बसते आणि तिच्यातली हवा परत येत नाही. त्याआधी वॉटरप्रूफिंगची टेस्ट, त्याआधी पाइपांच्या वाटा. मोठी झाडं तर जानेवारीतच नर्सरीत जाऊन निवडायची, कारण जमिनीत वाढलेलं झाड उचलायचं तर मुळं आधी टप्प्याटप्प्यानं छाटून मुळांचा गोळा तयार होऊ द्यावा लागतो. आमची बरीच झाडं पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून येतात, मोठी आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून. इतका प्रवास करून, ताडपत्रीखाली तापून आलेलं झाड त्याच संध्याकाळी खड्ड्यात घालू नये. सावलीत ठेवावं, पाणी द्यावं, पानं सावरली की लावावं. वरळीसारख्या समुद्रावरच्या साइटवर तर खारा वारा असतो, तिथे हे जास्तच.

आणि एक गोष्ट बिल्डरचे लोक हमखास विसरतात. टॉवर क्रेन निघून गेली की मोठं झाड वर न्यायला वाटच उरत नाही. बेसमेंटच्या रॅम्पमधून ट्रक जात नाही, लिफ्टमध्ये मुळांचा गोळा मावत नाही. क्रेन कधी सुटणार हे लँडस्केपच्या माणसानं स्वतः विचारायला जायचं असतं, तेही महिनोन्महिने आधी. सिव्हिलवाल्यांच्या मीटिंगमध्ये आपल्याला खुर्ची नसते, तरी जाऊन उभं राहायचं. हे वाक्य मी प्रत्येक बॅचला सांगते.

जुन्या झाडांचा विषय एका तासात होतो, पण तो चुकवून चालत नाही. प्लॉटवर आधीपासून असलेलं झाड तोडायचं, हलवायचं, अगदी फांद्या छाटायच्या तरी 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली पालिकेची परवानगी लागते. मुकादमाला कुणी “तेवढी फांदी उडव” म्हणालं तर परवानगीचा कागद मागायचा हक्क त्याला आहे, हे त्याला माहीत हवं. बिलं, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मापांची वही), हजेरी, जादा काम लेखी घेणं हेही शिकवते. ते कंटाळवाणं असतं आणि त्यावरच पोट अवलंबून असतं.

दगड कापण्याबद्दल मात्र मी थांबून बोलते. ग्रॅनाइट किंवा वाळूचा दगड ग्राइंडरनं कोरडा कापला की जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, आणि ती फुप्फुसात बसते ती कायमची. पाणी मारत कापायचं, चांगला मास्क द्यायचा, कापणाऱ्याच्या वाऱ्याखाली लॉन अंथरणाऱ्या बाया बसवायच्या नाहीत. पाण्यानं काम हळू होतं म्हणून साइटवर टाळतात. सुपरवायझरनं सांगितलं तरच होतं, दुसरं कुणी सांगणार नाही.

त्या बायांबद्दलही लिहायचंच आहे. लॉन अंथरणं, तण काढणं, रोपं उतरवून घेणं, पाणी देणं ही अर्ध्याहून अधिक कामं साइटवर बायका करतात, हजेरीत त्यांच्यापुढे ‘बिगारी’ लिहिलेलं असतं, आणि रोज पुरुषांपेक्षा कमी मिळतो. कुठली लादी उचललेली आहे, कुठल्या कोपऱ्यात पाणी राहतं, कुठली रोपं नर्सरीतूनच रोगट आली, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. सुरुवातीला माझ्या वर्गात एकही बाई येत नसे. आता मी कंत्राटदारांना सांगते, तीन माणसं पाठवायची तर त्यात एक बाई हवी, नाहीतर तिघंही नकोत. लेव्हल पाइप धरायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं इतकंच. पूर्वी रोपांच्या गाडीवर काम करणारी एक बाई आज ठाण्यातल्या एका साइटवर सुपरवायझर आहे, आणि तिच्या मेजरमेंट बुकात खाडाखोड नसते.

प्रत्येक बॅचला मी मलबार हिलवर नेते. फिरोजशाह मेहता उद्यान, म्हणजे आपलं हँगिंग गार्डन, हे पाण्याच्या जलाशयावर वसलेलं आहे. पायाखाली दक्षिण मुंबईचं पाणी आणि वर हिरवळ, कुंपणाच्या झुडपांचे कातरलेले प्राणी. आपण आज पोडियमवर जे करतो ते या शहरात फार आधीपासून चालत आलं आहे, हे तिथे उभं राहिलं की मुलांच्या लक्षात येतं. कुठे उथळ मुळांची झाडं घेतली आहेत, पाणी कुठून बाहेर जातं, हे ते स्वतः शोधतात. तिथून धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात. मिठी नदीकाठचं जुनं डंपिंग ग्राउंड, सुमारे 37 एकर, 1994 मध्ये उद्यान म्हणून खुलं झालं. कचऱ्यावर माती कशी तयार होत जाते, तिथे जंगल कसं उभं राहतं, ते पाहताना वर्गात कधी न बोलणारी माणसंही प्रश्न विचारतात.

सरकारकडून मला नवीन इमारत नको आहे. 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. ती माळ्यापाशी थांबवू नये, साइट चालवणाऱ्यापर्यंत न्यावी. परीक्षा कागदावर नको. वर्ल्डस्किल्स स्पर्धेत लँडस्केप गार्डनिंगमध्ये दोघांच्या जोडीला ड्रॉइंग देतात आणि ठरलेल्या दिवसांत खरी बाग बांधायला लावतात, दगड, लाकूड, पाणी आणि झाडं सगळ्यांसकट. तसंच करावं. 5 बाय 5 मीटरचा तुकडा, एक ड्रॉइंग, चार माणसं हाताखाली, आणि शेवटी त्या तुकड्यावर टँकरचं पाणी सोडून पाहावं, साचतं की जातं. परीक्षा मराठीतून आणि हिंदीतून व्हावी.

कंत्राटदार आणि सोसायट्यांना एवढंच सांगते: फी कुणाला जड जात नाही, शनिवारचा बुडालेला अर्धा रोज जड जातो. तो तुम्ही भरा. आधीच्या बॅचला ज्यांनी भरला त्यांची माणसं शेवटपर्यंत आली, ज्यांनी नाही भरला त्यांची मधेच सुटली, आणि त्यात माझे फार चांगले विद्यार्थी होते.

नवी बॅच दिवाळीनंतर सुरू होईल, म्हणजे मेच्या आधी लेव्हल, माती आणि बिलं एवढं शिकून होतं. येताना टेप आणि चौकटीची वही आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीही या, हिशोब तोंडी करून घेते.